स्थितीचा रकाना: अंकापासून नावापर्यंत

ऑर्डर असो, अर्ज असो वा तक्रार, वेब ॲप्लिकेशनमधील जवळपास प्रत्येक नोंदीला 'स्थिती' असते आणि ती ठरावीक पर्यायांपैकीच एक असावी लागते. या एका गोष्टीची तीन रूपे असतात: डेटाबेसमध्ये साठवले जाणारे मूल्य, कोडमध्ये प्रोग्रामर लिहितो ते नाव आणि वापरकर्त्याला पडद्यावर दिसणारा मजकूर. ही तिन्ही रूपे वेगळी ठेवूनही एकाच ठिकाणी लिहिता यावीत, एवढ्यासाठी बराच काळ खटपट चालली.

छिद्रे पाडून संगणकासाठी माहिती नोंदवण्याच्या आयबीएमच्या पंच कार्डावर 80 स्तंभ असत, त्यामुळे स्थिती एका अक्षरात किंवा अंकात उरकणे भागच होते. मात्र वाचनीयतेचा विचार तेव्हाही झाला होता. कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत 88 या पातळी-क्रमांकाने एखाद्या मूल्याला नाव देता येई. मग 'स्थिती पी आहे का' असे न लिहिता थेट 'पैसे भरले आहेत का' अशा अर्थाची अट लिहिता येत असे. हे शहाणपण नंतरच्या अनेक वेब फ्रेमवर्कांना (वेब ॲप्लिकेशन उभारण्याच्या तयार सांगाड्यांना) नव्याने शिकावे लागले.

डेटाबेसनीही आपल्या परीने उत्तर शोधले. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या 'एनम' (ठरावीक पर्यायांची यादी) या प्रकारात वाचताना शब्द दिसतो, पण आत साठतो तो एक किंवा दोन बाइटचा क्रमांक. पोस्टग्रेस्क्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये असा प्रकार 2008 च्या 8.3 आवृत्तीत आला. त्यात नवे मूल्य जोडण्याची सोपी आज्ञा मात्र 2011 मधील 9.1 पर्यंत नव्हती, आणि जोडलेले मूल्य थेट काढून टाकण्याची आज्ञा अजूनही नाही. व्यवसायाचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून अनेकांनी डेटाबेसमध्ये साधा अंक किंवा मजकूर ठेवून अर्थ कोडवर सोपवणे पसंत केले.

कॅन्ससमधील एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मलेले आणि 2005 मध्ये खुले झालेले जँगो हे पायथन भाषेतील वेब फ्रेमवर्क याच वाटेने गेले. फील्डला, म्हणजे नोंदीच्या रकान्याला, 'चॉइसेस' म्हणून जोड्यांची यादी द्यायची, प्रत्येक जोडीत आधी मूल्य आणि नंतर मजकूर. 'गेट-स्टेटस-डिस्प्ले' ही पद्धत तो मजकूर परत देते. पडद्याची सोय झाली, पण कोडमधील नाव राहूनच गेले. त्यासाठी मॉडेलच्या (नोंदीची रचना सांगणाऱ्या) वर्गात वेगळे स्थिरांक लिहायचे आणि तेच यादीत पुन्हा गुंफायचे, असा दुहेरी खटाटोप रूढ झाला. ज्यांनी तो टाळला त्यांच्या कोडमध्ये 'स्टेटस 3 असेल तर' अशा ओळी विखुरल्या आणि 3 म्हणजे काय, हे शोधण्याची जबाबदारी पुढच्या माणसावर आली.

रूबी भाषेतील रेल्स या वेब फ्रेमवर्कने 2014 मध्ये 4.1 आवृत्तीत 'एनम' आणला. तो वापरायला सुटसुटीत होता, पण यादी साध्या ॲरेत, म्हणजे नुसती नावे क्रमाने लिहून, दिली की पर्यायाचे स्थान हेच त्याचे मूल्य ठरे. समजा, यादीत प्रलंबित, रवाना आणि रद्द असे पर्याय आहेत, म्हणजे मूल्ये 0, 1 आणि 2. कोणी 'पैसे भरले' हा पर्याय प्रलंबितच्या लगेच पुढे घातला, की जुन्या 1 च्या नोंदी 'पैसे भरले' आणि रद्द झालेल्या ऑर्डरी 'रवाना' म्हणून दिसू लागतात. डेटाबेसमधील एकही नोंद बदललेली नसते, त्रुटीचा संदेशही येत नाही. म्हणूनच नाव आणि अंक यांची जोडी स्पष्ट लिहिणे हाच तिथे शहाणपणाचा मार्ग आहे.

पायथनमध्ये 'एनम' 2014 च्या 3.4 आवृत्तीत दाखल झाला, तरी जँगोने त्यावर बेतलेले 'टेक्स्टचॉइसेस' आणि 'इंटिजरचॉइसेस' हे वर्ग दिले ते डिसेंबर 2019 मधील 3.0 आवृत्तीत. यात तिन्ही रूपे एका ओळीत मावतात. मजकूर दिला नाही तर तो नावावरूनच तयार होतो. दिला तर तो भाषांतरासाठी खुणावता येतो, म्हणजे डेटाबेसमधील मूल्याला हात न लावता तोच पर्याय मराठीत 'रवाना' असा दाखवता येतो. डिसेंबर 2023 मधील 5.0 पासून फील्डला हा वर्ग थेट देता येतो.

एक जुनी उणीव मात्र या सोयीने भरून निघत नाही. 'चॉइसेस'ची तपासणी फॉर्म भरताना होते. नोंद साठवणारी 'सेव्ह' ही पद्धत ती आपणहून करत नाही आणि डेटाबेसला तर या यादीचा पत्ताच नसतो. डेटाबेसला थेट एसक्यूएल या त्याच्या भाषेत आज्ञा देऊन कोणी भलतेच मूल्य घातले तर ते निमूटपणे साठते. ते अडवायचे असेल तर जँगोच्या 2.2 आवृत्तीपासून मिळणारे 'चेककन्स्ट्रेंट' हे डेटाबेसमध्येच लागू होणारे बंधन मॉडेलवर वेगळे लिहावे लागते.