ग्रुप अ‍ॅडमिनचा निष्पक्षपणा आणि पारदर्शकता

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, कोणता मेसेज उडवायचा हे ठरवताना अ‍ॅडमिनने सगळ्यांना एकच माप लावणं म्हणजे निष्पक्षपणा, आणि काय केलं अन् काऊन केलं हे उघड सांगणं म्हणजे पारदर्शकता. नागपुरात सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा, गणपती मंडळाचा, मॉर्निंग वॉकवाल्यांचा, एकेका माणसाच्या फोनमध्ये असे ढीगभर ग्रुप असतात, त्यामुळे हा विषय वकिलांचा कमी आणि रोजच्या कटकटीचा जास्त. तसं कायद्याच्या बाजूनेही नागपूरचं नाव यात आलेलं आहेच.

1 मार्च 2021 ला मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावच्या एका प्रकरणात निकाल दिला. ग्रुपमधल्या एका मेंबरने एका महिला मेंबरला उद्देशून घाण भाषा वापरली, अ‍ॅडमिनने त्याला काढलं नाही, माफी मागायलाही लावली नाही, उलट हात वर केले अशी तक्रार होती आणि गुन्हा अ‍ॅडमिनवरही लागला होता. कोर्टाने तो रद्द केला. म्हणणं असं की अ‍ॅडमिनच्या हातात मेंबर जोडणं आणि काढणं एवढंच असतं, कोण काय टाकणार हे त्याला आधी कळत नाही, त्यामुळे दोघांचा मिळून तसा इरादा किंवा आधी ठरलेला कट असल्याशिवाय दुसऱ्याच्या पोस्टसाठी त्याला धरता येत नाही. अ‍ॅडमिन लोकांनी हा निकाल आनंदाने फॉरवर्ड केला, पण त्यातून "आपण काहीच नाही केलं तरी चालते" एवढाच अर्थ घेणं जरा सोयीचं आहे. गुन्हा लागत नाही हे ठीक, पण त्या बाईंची तक्रार तिथेच राहते ना.

मग न्यायाने वागायचं म्हणजे काय, तर जुनी दोन तत्त्वं इथेही लागू पडतात: स्वतःच्या भांडणात स्वतःच न्यायाधीश होऊ नये, आणि ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा देऊ नये. पहिलं तत्त्व सोसायटीच्या ग्रुपवर सर्रास मोडलं जाते कारण सेक्रेटरी तोच, अ‍ॅडमिनही तोच. कोणी मेंटेनन्सचा हिशोब मागितला, मे महिन्यात टँकर कोणाच्या सांगण्यावरून आला असं विचारलं की संध्याकाळी तो मेंबर ग्रुपवर नाही, आणि बाकीचे "काय झालं बे?" म्हणत एकमेकांना पर्सनलवर मेसेज करून राहिले. गंमत म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा 1960 च्या कलम 35 प्रमाणे संस्थेतून सभासद काढायचा असेल तर त्यासाठी बोलावलेल्या सभेत हजर मतदारांपैकी तीन चतुर्थांश लोकांचा ठराव लागतो, त्या माणसाला बाजू मांडू द्यावी लागते आणि वर निबंधकाची मंजुरीही लागते. ग्रुपमधून काढायला एक अंगठा पुरतो. ग्रुपमधून काढल्याने सोसायटीचं सभासदत्व जात नाही हे खरं, पण पाण्याची वेळ, लिफ्ट बंद, सभेची तारीख सगळं तिथेच कळत असेल तर नुकसान खरंच होते. अशा वेळी निर्णय दुसऱ्या अ‍ॅडमिनने घ्यावा, ज्याच्यावर टीका झाली त्याने नाही. म्हणून तीन-चार अ‍ॅडमिन असलेले बरे, फक्त ते एकाच घरचे नसावे.

दुसऱ्या तत्त्वाची अडचण थोडी अ‍ॅपचीही आहे. अ‍ॅडमिनने दुसऱ्याचा मेसेज डिलीट केला की कोणत्या अ‍ॅडमिनने केला ते नावासकट दिसते, ही चांगली सोय आहे, पण कारण लिहायला जागा नाही. कोणी स्वतःहून ग्रुप सोडला तर 2022 पासून ते फक्त अ‍ॅडमिनला कळते, बाकीच्यांना मागच्या 60 दिवसांत कोण बाहेर गेलं त्याची यादी उघडून पाहावी लागते. याच्या तुलनेत विकिपीडिया, अगदी 2003 पासूनचा मराठी विकिपीडियासुद्धा, प्रचालकाने (म्हणजे तिथल्या अ‍ॅडमिनने) पान वगळलं किंवा कोणाला ब्लॉक केलं की त्याची नोंद सगळ्यांना पाहता येईल अशी ठेवतो, आणि त्यात कारण लिहायची सोयही असते.

मोठ्या कंपन्यांवर हे बंधन आता कायद्याने आहे. 2021 च्या आयटी नियमांत 50 लाखांच्या वर युजर असलेल्या प्लॅटफॉर्मने स्वतःहून पोस्ट काढायची तर युजरला आधी कारण कळवायचं आणि आक्षेप घ्यायची संधी द्यायची असं म्हटलंय, 2022 च्या दुरुस्तीत वर दाद मागायला अपील समितीही आली. हे सगळं धरमपेठेतल्या काकांच्या ग्रुपला लागू नाही, पण उसनं घ्यायला कोणी अडवलं नाही. आधी त्या माणसाला पर्सनलवर सांगा की अमुक मेसेज अमुक नियमात बसत नाही, त्याचं ऐका, मग ग्रुपवर एका ओळीत काय केलं ते टाका. सगळा तपशील ग्रुपवर मांडायची गरज नसते, विशेषतः तक्रार करणारी व्यक्ती कोण हे तर अजिबात नाही. पारदर्शकतेच्या नावाखाली एखाद्याचा बडग्या (नागपुरात मारबतीच्या सणाला मिरवून जाळतात तो पुतळा) करून मिरवणूक काढली की ते मारबतीच्या दिवशीचं काम झालं.

एकच माप लावण्यात खरी परीक्षा असते ती आपल्या माणसाची. "राजकारण नको" हा नियम बहुतेक ग्रुपवर असतो, पण वेगळ्या विदर्भाची पोस्ट अ‍ॅडमिनच्या मित्राने टाकली तर ते "माहिती" आणि दुसऱ्याने टाकली तर "राजकारण". नियम वर डिस्क्रिप्शनमध्ये लिहिलेला असावा, भांडण झाल्यावर सुचलेला नसावा, आणि गुड मॉर्निंगचे फुलं टाकणाऱ्या काकूंना जेवढी सूट तेवढीच दुकानाची जाहिरात टाकणाऱ्या पोराला नको का? इथे मतं वेगळी असू शकतात, जाहिरातीने ग्रुप भरून जातो हेही खरं, पण मग तसं लिहून ठेवा.

काही अ‍ॅडमिन वैतागून "ओन्ली अ‍ॅडमिन" करून टाकतात, 2018 पासून ती सेटिंग आहे. नोटीस बोर्ड म्हणून ठीक, पण भांडणाच्या मधोमध लावली आणि स्वतः शेवटचा शब्द टाकून मोकळे झाले तर तो पक्षपातच. लावायचीच तर दोन्ही बाजूंचं एकेकदा येऊ द्यावं आणि किती वेळ बंद राहील ते सांगावं. नाहीतर काढलेले आणि रुसलेले मिळून दुसरा ग्रुप काढतात, त्याच नावापुढे "ओरिजिनल" लावून, आणि लिफ्ट बंद असल्याचा मेसेज दोन्हीकडे टाकायचं काम बिचाऱ्या वॉचमनच्या गळ्यात पडते.