अभिरूप संयुक्त राष्ट्रसभा

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे, सुरक्षा परिषदेचे किंवा एखाद्या समितीचे कामकाज विद्यार्थ्यांनी देशोदेशींचे प्रतिनिधी होऊन चालवण्याचा उपक्रम. ‘मॉडेल युनायटेड नेशन्स’च्या इंग्रजी आद्याक्षरांवरून विद्यार्थी त्याला नुसते ‘मन’ म्हणतात. ‘उद्या मनला जायचंय’ हे वाक्य घरातल्या आजीला भलतेच वाटते. अमेरिकेत संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघाच्या काळातच, १९२० च्या दशकात, अशा सभा भरू लागल्या. हार्वर्डची आजही चालू असलेली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची परिषद १९५५ ची. ठाण्यात आणि वाशी, नेरुळ, खारघर या पट्ट्यात शाळा-महाविद्यालयांतून त्या भरतात. शनिवारी सकाळी ठाणे-वाशी लोकलमध्ये कोट-टाय घालून, मांडीवर छापील कागदांचा गठ्ठा घेऊन बसलेली मुले बहुधा तिकडेच निघालेली असतात.

कामकाजाची सुरुवात हजेरीने होते. देशाचे नाव पुकारले की प्रतिनिधीने ‘उपस्थित’ किंवा ‘उपस्थित आणि मतदान करणार’ यांपैकी एक उत्तर द्यायचे. मग वक्त्यांची यादी लागते. एकेकाला साधारण दीड मिनिट मिळते; वेळ उरली तर ती प्रश्नांसाठी, दुसऱ्या देशाला किंवा अध्यक्षांना देता येते. भारताचे प्रतिनिधी व्ही. के. कृष्ण मेनन १९५७ च्या जानेवारीत सुरक्षा परिषदेत काश्मीरवर दोन दिवस मिळून सुमारे आठ तास बोलले होते. या सभांत त्यांचा दाखला हमखास निघतो, आणि तो देणाऱ्याची वेळ बहुतेकदा दाखल्यातच संपते.

खरी चर्चा ‘मॉड’मध्ये, म्हणजे ठरावीक उपविषयावर अध्यक्षांच्या नियंत्रणाखाली, आणि ‘अनमॉड’मध्ये, म्हणजे जागा सोडून घोळके करून होते. दोन्हींसाठी आधी प्रस्ताव मांडून सभेचे मत घ्यावे लागते. नियम मोडला गेला असेल तर हरकतीचा मुद्दा, आवाज येत नसेल किंवा एसीची थंडी सोसवत नसेल तर व्यक्तिगत सोयीचा मुद्दा. हरकतीचा मुद्दा समोरच्याचे भाषण तोडायला वापरण्याची खोड नवख्यांपेक्षा मुरलेल्यांत जास्त. मॉड-अनमॉडची ही पद्धत मुळात संयुक्त राष्ट्रांची नाहीच. अमेरिकी सभाशास्त्रातून ती आली. प्रत्यक्ष आमसभेत बहुतेक ठराव मतदानाविना, सहमतीने संमत होतात.

वर्तनाचा मुख्य नियम असा, की बोलणारा स्वतः बोलत नाही, देश बोलतो. म्हणून ‘मी’ वर्ज्य. ‘इराणच्या प्रतिनिधीचे मत असे’ म्हणायचे. खरे राजदूत सर्रास ‘मी’ म्हणतात, त्यामुळे ही शिस्त थोडी नाटकी आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या मतापासून हातभर दूर उभे करायला तिच्याइतका सोपा उपाय नाही. समजा, पाणथळ जागांवर चर्चा आहे आणि नेरुळच्या मुलीकडे इराण आला. पाणथळ जागांच्या रक्षणाचा रामसार करार १९७१ मध्ये इराणच्याच रामसार शहरात झाला, तेव्हा बोलायला मुद्दा भक्कम. ठाणे खाडीला रामसार दर्जा मिळाला २०२२ मध्ये. तिथले फ्लेमिंगो ती घराजवळ दर हिवाळ्यात पाहते, त्यांच्याबद्दल तिला पोटतिडीकही आहे. पण ती भारताच्या प्रतिनिधीची बाजू. तिने तेहरानची भूमिका मांडायची, पटो न पटो. भाषणात देशाच्या जाहीर धोरणाविरुद्ध गेल्यास ईबी, म्हणजे अध्यक्ष आणि त्यांचे सहकारी, तिथेच टोकतात. पुराव्यालाही प्रतवारी असते: संयुक्त राष्ट्रांचे अहवाल आणि सरकारी कागद चालतात, विकिपीडिया चालत नाही.

व्यासपीठावर इंग्रजी, घोळक्यात मराठी-हिंदी, हे इकडचे खास दृश्य. ‘माननीय अध्यक्ष’ म्हणून झाले की दोन मिनिटांनी तोच प्रतिनिधी कोपऱ्यात ‘अरे, तू सही कर ना, तुझं कलम घेतो आम्ही’ म्हणत असतो. सह्या लागतात त्या ठरावाच्या मसुद्याला. मांडणारे देश वेगळे आणि नुसते सही करणारे वेगळे. सही म्हणजे पाठिंबा नव्हे, मसुदा चर्चेला यावा एवढीच संमती. अख्खा ठराव व्याकरणाने एकच वाक्य असतो: आधी उद्देशिकेची कलमे, मग कृतीची, आणि पूर्णविराम थेट शेवटी. प्रतिनिधींनी एकमेकांना पाठवलेल्या चिठ्ठ्या अध्यक्षांच्या नजरेखालून जातात, कारण त्यांत मुत्सद्देगिरीपेक्षा डब्यात काय आहे याची चौकशी अधिक असते. आरडाओरडा करून घोळक्यावर स्वार होणाऱ्याला पुष्कळदा उत्कृष्ट प्रतिनिधीचे बक्षीस मिळून जाते; कलमे जुळवत बसलेल्याला ‘विशेष उल्लेख’. या पद्धतीतला हा जुनाच दोष.

मतदानाच्या वेळी दार बंद होते, चिठ्ठ्या थांबतात. सुरक्षा परिषदेत १५ पैकी ९ मते लागतात आणि पाच स्थायी सदस्यांपैकी कोणीही नकाराधिकार वापरलेला चालत नाही. आमसभेत महत्त्वाच्या प्रश्नांना दोनतृतीयांश. सकाळच्या हजेरीला ऐटीत ‘मतदान करणार’ म्हणून बसलेल्याला आता तटस्थ राहता येत नाही, आणि नेमके तेव्हाच त्याच्या लक्षात येते की दोन्ही मसुद्यांवर आपली सही आहे.