बोअरच्या पाण्याला फेस का येत नाही?

उन्हाळा सुरू झाला की पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांत एकाच नळाला दोन प्रकारचं पाणी येतं. कधी खडकवासल्याचं, कधी बोअरचं. दिसायला दोन्ही सारखीच. पण अंगाला साबण लावला की बोअरचं पाणी लगेच ओळखू येतं. फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरट, चिकट थर धरतो. रासायनिक विश्लेषणाची सुरुवात शाळेतल्या मुलांनी या बादलीपासूनच करावी, असं मला मनापासून वाटतं.

तीन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत तेवढंच बोअरचं, तिसरीत डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे वाफ थंड करून मिळवलेलं, क्षार नसलेलं पाणी. अंगाचा साबण किसून थोड्या डिस्टिल्ड वॉटरमध्येच विरघळवा आणि ते द्रावण ड्रॉपरने थेंबथेंब घालत बाटली हलवा. कपड्यांची पावडर नको. तिला कठीण, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यातही फेस येतो. फेस दोन मिनिटं टिकला की थांबा आणि थेंब मोजा. डिस्टिल्ड वॉटरची बाटली अनेकजण गाळतात, पण खरी गोम तिच्यातच आहे. नुसता फेस यायला साबणाचे किती थेंब लागतात, ते तीच सांगते. तेवढे वजा केले की उरलेले थेंब पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमने खाल्लेले. साबणाशी त्यांचा न विरघळणारा साका होतो. बादलीवरचा थर तोच.

आता बोअरचं पाणी दहा मिनिटं उकळा, निववा, गाळा आणि पुन्हा मोजा. थेंब कमी लागले, तर पाण्याच्या काठिण्याचा, म्हणजे त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा, तेवढा भाग बायकार्बोनेट क्षारांचा होता. उकळल्यावर त्यांचं कार्बोनेट होऊन तळाशी बसतं. त्या पांढऱ्या थरावर लिंबू पिळलं की बुडबुडे येतात, ते कार्बन डायऑक्साइडचे.

हे क्षार येतात आपल्या पायाखालच्या काळ्या पाषाणातून. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा बेसॉल्ट. त्याच्या फेल्डस्पार या खनिजात कॅल्शियम असतं, पायरॉक्सिन या खनिजात मॅग्नेशियम. कार्बन डायऑक्साइड विरघळून किंचित आम्लधर्मी झालेलं पाणी भेगांतून मुरताना दोन्ही हळूहळू सोबत घेतं.

ज्योतपरीक्षा केली, म्हणजे क्षार ज्योतीत धरून रंग पाहिला, तर कॅल्शियम विटकरी रंग दाखवेल. मॅग्नेशियमचा मात्र रंगच दिसत नाही. रंग नाही म्हणजे मूलद्रव्य नाही, असं लिहून मुलं हमखास फसतात.

नेमका आकडा हवा असेल तर शाळेच्या प्रयोगशाळेत अनुमापन, म्हणजे माहीत तीव्रतेचं द्रावण रंग बदलेपर्यंत मोजून घालणं. 50 मिली पाणी शंकूपात्रात घ्यायचं, अमोनिया बफरने (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) पीएच 10 वर आणायचा आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक, म्हणजे रंग बदलून खूण देणारा पदार्थ टाकायचा. पाणी द्राक्षासारखं लालसर होतं. मग ब्युरेटमधून (खुणा आणि तोटी असलेल्या नळीतून) 0.01 मोलर ईडीटीए, म्हणजे धातूंना पकडून ठेवणाऱ्या रसायनाचं द्रावण सोडायचं. ते आधी मोकळं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडतं, शेवटी दर्शकाला चिकटलेलं मॅग्नेशियमही ओढून घेतं, आणि लाल छटा जाऊन निखळ निळा रंग उमटतो. शेवटी घाई केली की हा क्षण हुकतो. या द्रावणाचा 1 मिली म्हणजे 1 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. समजा 15 मिली लागलं, तर 50 मिली पाण्यात 15 मिलिग्रॅम, म्हणजे काठिण्य लिटरला 300 मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 ही स्वीकारार्ह मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत मुभा.

आणि इथेही शेजारी डिस्टिल्ड वॉटरचं एक शंकूपात्र हवंच. त्याला ईडीटीएचा अर्धा मिली जरी लागला, तरी तो 15 मधून वजा करायचा. मग उत्तर 290 येतं.