पीसीबीच्या ट्रेसमधून होणारे उत्सर्जन आणि एफसीसीची मान्यता: कोणाला लागते, कागदपत्रे कोणती, प्रक्रिया कशी

अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक उपकरण विकायचे असेल तर त्यातून नको असलेल्या रेडिओ लहरी किती बाहेर पडतात हे आधी मोजावे लागते. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन म्हणजे एफसीसीच्या नियमांतला भाग १५ यासाठी आहे. बरेच जण माल तयार झाल्यावर कागदपत्रांकडे वळतात आणि तिथेच अडकतात, कारण चाचणीत पास की नापास हे पीसीबीचा म्हणजे छापील सर्किट बोर्डाचा लेआउट काढतानाच बरेचसे ठरलेले असते. म्हणून कागदपत्रांसोबत ट्रेसविषयीही, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक पट्ट्यांविषयीही लिहितो आहे.

कोणाला लागू

ज्या उपकरणात सेकंदाला ९,००० पेक्षा जास्त ठोक्यांचा टायमिंग सिग्नल तयार होतो आणि डिजिटल तंत्र वापरले जाते, ते 'डिजिटल उपकरण'. आजचा साध्यातला साधा मायक्रोकंट्रोलरही यात येतो. सवलती आहेत. उदाहरणार्थ, फक्त वाहनात वापरायची डिजिटल उपकरणे. आणखी एक सवलत अशी, की सर्वात जास्त फ्रीक्वेन्सी १.७०५ मेगाहर्ट्झपेक्षा कमी असेल आणि उपकरण घरगुती विजेवर चालत नसेल, तर चाचणी लागत नाही. पण चार्जिंग चालू असताना ते वापरता येत असेल तर ही सवलत गेली. तसेच सवलत मिळाली तरी दुसऱ्याच्या रेडिओ सेवेत घातक व्यत्यय आणण्याची मुभा मिळत नाही.

पुढचा प्रश्न क्लासचा. निव्वळ व्यावसायिक किंवा औद्योगिक जागेसाठी विकले जाणारे उपकरण क्लास ए, आणि घरात वापरले जाणारे क्लास बी. क्लास बीची मर्यादा कडक आहे: ३ मीटर अंतरावर ३० ते ८८ मेगाहर्ट्झमध्ये १०० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर, ८८ ते २१६ मध्ये १५०, २१६ ते ९६० मध्ये २०० आणि त्यापुढे ५००. सामान्य ग्राहकाला विकायचे असेल तर 'आमचे क्लास ए' असे लिहून सुटका होत नाही.

दोन मार्ग

ज्यात रेडिओ ट्रान्समीटर नाही अशा बहुतेक डिजिटल उपकरणांना 'सप्लायर्स डिक्लरेशन ऑफ कन्फॉर्मिटी' म्हणजे एसडीओसी हा मार्ग खुला आहे. यात एफसीसीकडे अर्ज जात नाही, तिथून क्रमांकही मिळत नाही. तुम्ही चाचणी करून घेता, नोंदी ठेवता आणि स्वतःच्या जबाबदारीवर घोषणा करता. अट एकच, पण महत्त्वाची: जबाबदार पक्ष अमेरिकेत असला पाहिजे. परदेशी उत्पादकासाठी ही भूमिका सहसा आयातदार घेतो. एफसीसीच्या 'कव्हर्ड लिस्ट'मधील (राष्ट्रीय सुरक्षेला धोका मानलेल्या) कंपन्यांच्या मालाला हा मार्ग बंद आहे.

ब्लूटूथ किंवा वायफायसारखे ट्रान्समीटर असेल तर सर्टिफिकेशन लागते. त्यासाठी आधी एफआरएन हा नोंदणी क्रमांक आणि ग्रँटी कोड (अर्जदार कंपनीची ओळख) घ्यायचा, मान्यताप्राप्त लॅबमध्ये चाचणी करायची आणि टीसीबी या अधिकृत प्रमाणन संस्थेमार्फत अर्ज करायचा. मंजुरी मिळाली की एफसीसी आयडी मिळतो. आधीच सर्टिफाइड असलेले रेडिओ मॉड्यूल लावले असेल तर त्याच्या आयडीचा उल्लेख लेबलवर करून बरेच काम वाचते. मात्र इथे एक गैरसमज हमखास होतो. मॉड्यूलचे सर्टिफिकेट मॉड्यूलपुरतेच असते. तुमचा प्रोसेसर, क्लॉक (टायमिंग सिग्नल) आणि मेमरीच्या ट्रेसमधून जे बाहेर पडते त्याची चाचणी वेगळी करावीच लागते.

ट्रेस नापास कसा करतो

१ मीटर लांबीच्या केबलमध्ये ५० मेगाहर्ट्झचा फक्त ५ मायक्रोअँपिअर कॉमन-मोड प्रवाह (केबलच्या सर्व तारांतून एकाच दिशेने जाणारा) वाहिला, तरी ३ मीटरवर क्षेत्र साधारण १०५ मायक्रोव्होल्ट प्रति मीटर होते. म्हणजे क्लास बीमध्ये नापास. हा प्रवाह केबलमध्ये येतो कुठून? बहुतेक वेळा बोर्डावरच्या एखाद्या ट्रेसच्या चुकलेल्या परतीच्या वाटेतून.

सिग्नल ट्रेसमधून जातो तेवढाच प्रवाह परतही येतो, आणि उच्च फ्रीक्वेन्सीला तो ग्राउंड प्लेनमध्ये (ग्राउंडला जोडलेल्या तांब्याच्या सलग थरात) बरोबर ट्रेसच्या खालून येऊ पाहतो. तिथे प्लेनला चीर असेल तर त्याला वळसा घालावा लागतो. वळशाने लूपचे क्षेत्रफळ वाढते, ग्राउंडच्या दोन भागांत व्होल्टेजचा फरक पडतो आणि तोच फरक बाहेरच्या केबलला अँटेना बनवतो. त्यामुळे क्लॉकचा ट्रेस आखूड ठेवावा, त्याच्याखालचा प्लेन अखंड असावा, ट्रेस बोर्डाच्या कडेला किंवा कनेक्टरजवळ नेऊ नये. ड्रायव्हरलगत (सिग्नल पाठवणाऱ्या चिपच्या पिनलगत) छोटा सिरीज रेझिस्टर लावला तर सिग्नलची चढ-उतार मंदावते. १ नॅनोसेकंदाच्या एजमधली (सिग्नलच्या एका चढ किंवा उतारातली) ऊर्जा सुमारे ३१८ मेगाहर्ट्झपर्यंत जोरात असते, म्हणून क्लॉकच्या वेगाइतकाच एजचा वेगही पाहावा.

लॅबचा ग्राफ हातात आला की शिखरांच्या फ्रीक्वेन्सी लिहून काढा. ७५, १२५, १७५ मेगाहर्ट्झ अशी रांग दिसली तर २५ मेगाहर्ट्झचा क्लॉक शोधायचा. हे विषम हार्मोनिक (क्लॉकच्या ३, ५, ७ पट फ्रीक्वेन्सी) त्याचेच असण्याची शक्यता मोठी.

कागदपत्रे

एसडीओसीसाठी ज्या नोंदी ठेवायच्या त्यात मूळ डिझाइनची रेखाचित्रे व तपशील आणि त्यात वेळोवेळी केलेले, उत्सर्जनावर परिणाम करू शकणारे बदल येतात. उत्पादनाच्या तपासणीची पद्धत लिहून ठेवावी लागते. चाचणी अहवालात तारीख, लॅबचे नाव, मोजमापाची पद्धत व उपकरणे, केबलची मांडणी, सेटअपचे फोटो आणि सर्व आकडे हवेत.

अहवालात आणखी एक यादी असते आणि मला ती सर्वात महत्त्वाची वाटते: पास होण्यासाठी लॅबमध्ये केलेले फेरफार. लॅबच्या टेबलावर केबलला फेराइट (नको असलेली उच्च फ्रीक्वेन्सी अडवणारे चुंबकीय कडे) अडकवला, कॅपॅसिटर वाढवला, तर ते या यादीत आले पाहिजे आणि विक्रीच्या प्रत्येक नगात असले पाहिजे. फेराइट लॅबमध्येच राहिला तर अहवाल एका वस्तूचा आणि बाजारात माल दुसराच, असे होते.

मालासोबत घोषणापत्र द्यायचे: उत्पादनाची ओळख, भाग १५ च्या पूर्ततेचे विधान आणि अमेरिकेतील जबाबदार पक्षाचे नाव, पत्ता व संपर्क. मॅन्युअलमध्ये क्लासनुसार ठरलेला मजकूर छापावा लागतो, तसेच परवानगीशिवाय बदल केल्यास वापराचा अधिकार रद्द होऊ शकतो ही सूचनाही. सर्टिफिकेशनच्या अर्जाला याशिवाय ब्लॉक डायग्राम, स्किमॅटिक (सर्किटची आकृती), आतले-बाहेरचे फोटो आणि लेबलचा नमुना जोडतात. स्किमॅटिक गोपनीय ठेवण्याची विनंती त्याच अर्जासोबत करावी.

युरोपसाठी ईएमसी निर्देश २०१४/३०/ईयू लागू होतो. तिथेही बहुतेक उत्पादकांना स्वतः घोषणा करता येते, पण तांत्रिक फाइल १० वर्षे जपावी लागते आणि बाहेरच्या लहरी सहन करण्याची क्षमताही दाखवावी लागते.

नंतर लेआउट बदलला तर

चार थरांचा बोर्ड दोन थरांवर आणणे, क्लॉकचा ट्रेस दुसरीकडून फिरवणे, वेगवान एजची पर्यायी चिप लावणे, या बदलांनी जुना अहवाल लंगडा पडतो. एसडीओसीमध्ये पुन्हा चाचणी घ्यायची की नाही हे जबाबदार पक्षाने ठरवायचे आणि आधाराची नोंद फाइलला लावायची. सर्टिफिकेशनमध्ये नोंदवलेली उत्सर्जनाची वैशिष्ट्ये खालावत असतील तर तो क्लास दोनचा 'परमिसिव्ह चेंज' (त्याच आयडीखाली करता येणारा बदल) होतो आणि नव्या मोजमापासह टीसीबीकडे जावे लागते. उत्पादन कायमचे बंद झाल्यावरही एसडीओसीच्या नोंदी दोन वर्षे आणि सर्टिफिकेशनच्या एक वर्ष ठेवायच्या असतात. त्यात गर्बर फाइलची (बोर्ड बनवण्यासाठी कारखान्याला दिलेल्या लेआउट फाइलची) नेमकी कोणती आवृत्ती चाचणीला गेली होती तेही लिहून ठेवा.