जुन्या घड्याळाचा झोका

वापरलेलं महागडं घड्याळ विकायला काढलं की विकणारा हमखास सांगतो, "दिवसाला दोन सेकंदांचाही फरक नाही." ते खरं असेलही. तरी आतलं मशीन तेल सुकून कोरडं पडलेलं असू शकतं. चाल पुढे-मागे करायला बॅलन्सजवळची (हेलकावून वेळ राखणाऱ्या चाकाजवळची) बारीकशी कळ, किंवा काही मशीनमध्ये बॅलन्स चाकावरचे स्क्रू, किंचित हलवले की भागतं. बॅलन्सपर्यंत किती जोर पोचतोय हे मात्र इतक्या स्वस्तात लपवता येत नाही. ते झोक्यावरून कळतं.

बॅलन्स चाक मधल्या स्थितीपासून एका बाजूला जितके अंश वळतं तो त्याचा झोका. आजची बरीच यांत्रिक मशीन तासाला 28,800 ठोके देतात, म्हणजे सेकंदाला 8 आणि दिवसाला 6,91,200. प्रत्येक ठोक्याला मेनस्प्रिंगचा (चावीने भरणाऱ्या मुख्य स्प्रिंगचा) जोर दातेरी चाकांतून पॅलेट फोर्क या बॅलन्सला ढकलणाऱ्या काट्याच्या ज्वेलपर्यंत येतो आणि बॅलन्सला एक ढकला देतो. तेल घट्ट झालं, पिव्हट (चाकांच्या आसांची बारीक टोकं) झिजले, की जोर वाटेतच खर्ची पडतो आणि झोका लहान होतो.

तो मोजतो टाइमग्राफर. हे यंत्र फक्त ऐकतं: आतला मायक्रोफोन टिकटिक टिपतो आणि त्यावरून चाल, झोका आणि बीट एरर (टिक आणि टॉक यांच्या अंतरातला फरक) काढतो. मोबाईलचं ॲप चालीचा अंदाज देतं, तोही शांत खोलीत. मेन रोडच्या गजबजाटात त्यालाही काही ऐकू येत नाही. झोक्यासाठी मात्र ॲपवर विसंबू नये.

इथे फसगतीची एक जागा आहे. झोक्याचा आकडा बरोबर यायला यंत्रात त्या मशीनचा लिफ्ट अँगल, म्हणजे ढकला मिळताना बॅलन्स जितके अंश वळतो तो कोन, भरावा लागतो. बहुतेक यंत्रांवर तो आधीच 52 अंश असतो. ईटीए 2824-2 या प्रचलित स्विस मशीनचा 50 आहे, तिथे फरक किरकोळ. पण ओमेगाच्या वेगळ्या रचनेच्या को-अ‍ॅक्सियल मशीनचा साधारण 38 असतो. तिथे 52 तसाच राहिला, तर 230 अंशांवर धापा टाकणारं मशीन पडद्यावर 315 दाखवून मोकळं होतं. म्हणून दुकानदाराने आकडा दाखवला की आधी विचारा, लिफ्ट अँगल किती लावलाय?

मोजण्याआधी पूर्ण चावी द्या. ऑटोमॅटिकला क्राऊनचे (चावी द्यायच्या बोंडाचे) 30–40 फेरे पुरतात. वीसेक मिनिटं थांबा, मग तबकडी वर, तबकडी खाली आणि किमान तीन उभ्या स्थितींत मोजा. स्थिती बदलल्यावर अर्धा मिनिट आकडे स्थिरावू द्या. आडव्या स्थितीत 270 ते 310 अंश म्हणजे तब्येत उत्तम. उभं धरल्यावर 20–40 अंश कमी होणारच, कारण तिथे पिव्हट टोकावर न टेकता बाजूने घासतात. बीट एरर 0.8 मिलिसेकंदांच्या आत असावा. झोका 330 च्या पलीकडे दिसला तर खूश होऊ नका: बॅलन्स फिरून पॅलेट फोर्कला मागून धडकू लागतो आणि घड्याळ बेफाम पुढे पळतं. जुन्या, 18,000 ठोक्यांच्या चावीच्या घड्याळांकडून मात्र 300 ची अपेक्षा करू नये.

खरी परीक्षा 24 तासांनी. घड्याळ न हलवता ठेवा आणि पुन्हा मोजा. ताज्या चावीवर सुकलेलं मशीनही बरं चालतं. स्प्रिंग निम्मी उलगडली की सोंग उतरतं. उभ्या स्थितीत झोका 200 च्या खाली गेला, तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करा. एक दिवस घड्याळ ठेवू न देणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

'सीओएससी' या स्विस क्रोनोमीटर तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र दाखवलं जातं, त्याचा अर्थ नीट घ्यावा. त्या चाचणीत मशीन 15 दिवस, पाच स्थितींत आणि 8, 23, 38 अंश सेल्सिअसला तपासतात; सरासरी चाल दिवसाला उणे 4 ते अधिक 6 सेकंदांत लागते. जानेवारीची पहाट ते मे महिन्याची दुपार, नाशिककर वर्षभरात हे तिन्ही आकडे अंगावर घेतोच. पण कागद मशीन नवं असतानाचा आहे, आजचा नव्हे.

घड्याळ अचानक दिवसाला मिनिटभर पुढे पळू लागलं असेल, तर घाबरायचं कारण नाही. बहुधा स्पीकर किंवा मोबाईल कव्हरच्या चुंबकाने हेअरस्प्रिंगचे (बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटलेले असतात. होकायंत्राजवळ धरा, सुई हलली, तर डिमॅग्नेटायझरवर काही सेकंदांचं काम.

हाताने चावी देताना रोटरही (मनगटाच्या हालचालीने फिरून चावी भरणारं वजनही) गरगर फिरत असेल, तर दोन्ही बाजूंनी चावी भरणाऱ्या मशीनमधली रिव्हर्सिंग चाकं (रोटर कुठेही फिरला तरी चावी एकाच दिशेने भरवणारी) चिकटली आहेत. व्हॅल्जू 7750 या स्टॉपवॉचवाल्या मशीनमध्ये रोटर एका बाजूला मोकळा भिरभिरतो आणि मनगटाला हिसका जाणवतो, ती त्याची जातच आहे.

शेवटी मागचं झाकण उघडायला लावा. रोटरखाली गोल ओरखडे किंवा धातूची पूड दिसली तर त्याचा बेअरिंग किंवा ॲक्सल झिजलाय. क्राऊनच्या दांडीवर गंज असेल तर पाणी आत शिरलंय. आपल्याकडच्या पावसाळ्यात दोन-तीन वर्षं जुन्या गॅस्केटवर (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर) काढलेल्या घड्याळांत हे हमखास सापडतं. झाकण परत लावलं की वॉटर प्रेशर टेस्ट तिथेच करून घ्या. तोवर त्यावरची '100 मीटर' ही अक्षरं वाचण्यापुरतीच.