जेट डेकवर उतरलं, पण थ्रॉटलचं काय?

३ डिसेंबर १९४५ रोजी ब्रिटिश नौदलाचे लेफ्टनंट कमांडर एरिक ब्राऊन यांनी सी व्हॅम्पायर हे जेट विमान एचएमएस ओशन या विमानवाहू नौकेवर उतरवलं. केवळ जेट इंजिनावर चालणारं विमान डेकवर उतरण्याची ही पहिलीच वेळ. (महिनाभर आधी अमेरिकेचं फायरबॉल हे पिस्टन आणि जेट अशी दोन्ही इंजिनं असलेलं विमान जेटच्या जोरावर उतरलं होतं, पण तेही नाकातलं पिस्टन इंजिन ऐनवेळी बंद पडलं म्हणून. ते या हिशेबात धरायचं नाही.)

जेटची अडचण म्हटली की आधी वेग आठवतो. ती होतीच. डेकला टेकतानाचा वेग २० टक्क्यांनी वाढला, तर विमान अडवण्यासाठी डेकवर आडव्या ताणलेल्या तारांना ४४ टक्के जास्त ऊर्जा शोषावी लागते. पण तारा आणि त्यांची हायड्रॉलिक यंत्रणा दणकट करता येते. थ्रॉटलचं, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्याचं, दुखणं त्याहून चिवट होतं.

पिस्टन विमानात थ्रॉटल पुढे ढकलला की प्रोपेलरचा झोत लगेच पंखांवरून वाहतो आणि उचल मिळते. मागे ओढला की तोच प्रोपेलर हवेत ब्रेकसारखा काम करतो आणि विमान धप्पकन खाली बसतं. म्हणून डेकच्या कडेला उभा असलेला, उतरणाऱ्या वैमानिकाला हातवारे करून सूचना देणारा ‘बॅट्समन’ ‘कट’ची (इंजिन बंद कर) खूण करायचा, वैमानिक थ्रॉटल बंद करायचा आणि शेपटाचा हुक तारेत अडकायचा. जेटमध्ये यातलं काहीच चालत नाही. थ्रॉटल बंद केला तरी विमान तरंगत पुढेच जातं. उलट मंदावलेल्या इंजिनात एकदम इंधन ओतलं, तर हवा दाबून आत ढकलणारा कॉम्प्रेसर तेवढी हवा पुरवू शकत नाही. तप्त वायूंनी फिरणारं चक्र, म्हणजे टर्बाइन, जास्त तापते किंवा ज्योतच विझते. ताकद हळूहळूच वाढवावी लागते आणि त्यात काही सेकंद जातात. १०० नॉट वेगाने विमान सेकंदाला ५१ मीटर कापतं!

त्यामुळे व्हॅम्पायरचे फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) आणि एअर ब्रेक (हवेला अडवणाऱ्या झडपा) मुद्दाम मोठे केले होते. हवेचा अडथळा वाढला की वेग न वाढवता इंजिन जास्त फेऱ्यांवर ठेवता येतं आणि तिथून ते चटकन प्रतिसाद देतं. एक गोष्ट मात्र जेटच्या बाजूची होती. समोर लांबलचक इंजिन नसल्यामुळे वैमानिकाला डेक स्वच्छ दिसायचा.

पुढे ब्रिटिशांनी चाकांशिवाय रबरी डेकवर पोटावर उतरायचा घाट घातला. चाकांचं वजन वाचणार होतं. डिसेंबर १९४७ मध्ये फार्नबरो इथे जमिनीवरच्या चाचणीत ब्राऊन यांचं विमान जास्तच खाली येऊ लागलं, त्यांनी थ्रॉटल दिला, इंजिन उशिरा जागं झालं आणि विमान आपटलं. ते सुखरूप राहिले. १९४८ मध्ये एचएमएस वॉरियरवर असं उतरणं जमलंही, पण उतरलेलं विमान हलवायला प्रत्येक वेळी क्रेन लागायची. कल्पना चतुर होती, पण रोजच्या कामाची नव्हती.

सरळ डेकवर पुढच्या भागात विमानं उभी असत. तार चुकली तर आडव्या लावलेल्या अडसरात शिरायचं, एवढाच मार्ग. प्रोपेलर नसलेल्या विमानात अडसराची तार नाकावरून घसरून थेट कॉकपिटपर्यंत येण्याचा धोका होता. १९५१ मध्ये कॅप्टन डेनिस कॅम्बेल यांनी उतरण्याची पट्टी नौकेच्या मध्यरेषेशी तिरकी आखायचं सुचवलं. पुढच्या वर्षी एचएमएस ट्रायम्फवर नुसते रंगाचे पट्टे मारून ती तपासली. आता पुढे मोकळा समुद्र होता, ‘कट’ची गरज उरली नाही. इंजिन ताकदीत ठेवूनच टेकायचं. तार चुकली तर थ्रॉटल पूर्ण देऊन पुन्हा उडायचं. बॅट्समनच्या जागी निकोलस गुडहार्ट यांचा आरसा आला. त्यातला प्रकाशठिपका बाजूच्या हिरव्या दिव्यांच्या रेषेत दिसला की उतार बरोबर, वर दिसला तर विमान उंच, खाली दिसला तर ते जास्तच खाली.

आपली पहिली विमानवाहू नौका, जुनी विक्रांत, याच बदलांची लाभार्थी. एचएमएस हर्क्युलिस या नावाने सप्टेंबर १९४५ मध्ये तिचं जलावतरण झालं, ते सरळ डेकच्या आराखड्यावर. मग काम थांबलं. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली आणि बेलफास्टमध्ये ती पुरी होताना तिरका डेक, वाफेचा कॅटापल्ट (विमानाला झटका देऊन उडवणारी यंत्रणा) आणि आरसा तिन्ही बसले. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी यांनी तिच्यावर पहिलं जेट, सी हॉक, उतरवलं.