पानांतली अमिनो आम्लं : अर्क आणि मोजमाप

पानातली काही अमिनो आम्लं प्रोटीनमध्ये गुंफलेली असतात, काही पेशीत सुटी असतात. ही नोंद मुख्यतः सुट्यांची.

इंदूरला १९८७ पासून सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, त्यामुळे मालव्यात हा विषय निघाला की उदाहरण सोयाबीनचंच. पण पान तोडल्यावरही एन्झाइम चालूच राहतात, प्रोटीन तुटतं, पान सुकलं तर प्रोलीन हे अमिनो आम्ल वाढतं, म्हणून शेतातनं साध्या पिशवीत आणलेल्या पानाच्या आकड्यात वाटेतली भरही मिसळते. पान तिथेच द्रव नायट्रोजनमध्ये टाकलेलं बरं. मग खलात कुटून गरम ८०% इथेनॉलमध्ये दोन-तीनदा अर्क काढायचा: प्रोटीन खाली बसतं, अमिनो आम्लं वर उतरतात, सोबत क्लोरोफिलही येतं, ते क्लोरोफॉर्मने काढावं लागतं.

मोजायला निनहायड्रिन, अमिनो आम्लांशी मिळून रंग देणारं रसायन, रूहेमान यांचा १९१० चा शोध. बहुतेक अमिनो आम्लांचा रंग जांभळा, ५७० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात वाचतात. प्रोलीनचा पिवळा, ४४०. आम्लयुक्त निनहायड्रिनमध्ये मात्र प्रोलीन लाल होतं आणि श्रेयाचा घोळ इथेच आहे. पद्धत सगळे बेट्स आणि सहकाऱ्यांच्या नावावर, १९७३ ची म्हणून सांगतात (३% सल्फोसॅलिसिलिक आम्लात अर्क, १०० अंशांना तासभर, टोल्युइनमध्ये रंग ओढून ५२० नॅनोमीटर), पण आम्लयुक्त निनहायड्रिनने प्रोलीन मोजणं शिनार्ड यांनी १९५२ लाच दिलं होतं, तेव्हा बेट्सची ती पानांसाठी सोपी केलेली आवृत्ती म्हणणं जास्त योग्य. प्रोलीन दुष्काळात रोपाला वाचवतं की नुसती ताणाची खूण आहे, यावर मतं अजून वेगळी. वाढलेलं प्रोलीन म्हणजे सहनशील वाण, असं सरळ धरू नये हे बरं.

सोयाबीनची आणखी एक अडचण, मुळांच्या गाठींतला नायट्रोजन वर जातो तो बराचसा युराइडच्या (अमिनो आम्लांहून वेगळ्या नायट्रोजनयुक्त संयुगांच्या) रूपात, त्याला वेगळी चाचणी लागते, नुसत्या अमिनो आम्लांवरून हिशेब अर्धाच राहतो.

एकेक आम्ल वेगळं हवं तर एचपीएलसी, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र. त्यात आम्लं दिसावीत म्हणून लावायच्या ओपीए या रसायनाला प्रोलीन सापडत नाही, त्यासाठी एफमॉक हे दुसरं रसायन वापरतात. प्रोटीनमधली आम्लं हवी असतील तर प्रोटीन तोडायला ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांना २४ तास तापवायचं. यात ट्रिप्टोफॅन जातं, ग्लुटामिन आणि अस्पॅरॅजिन अनुक्रमे ग्लुटामिक आणि अस्पार्टिक आम्लात बदलतात.